फिटरच्या बायकोची पेटी

आधीच सांगून टाकते, मी चाळिशीला आलेली बाई आहे आणि व्हिडिओ गेम खेळते. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत हे ज्यांना कळतं त्यांच्या चेहऱ्यावर एक भाव येतो. हिचं लग्न का झालं नाही ते आत्ता समजलं, असा तो भाव असतो. समजोत बापडे. मला बोलायचंय ते एका गेमच्या शेवटाबद्दल. दहा वर्षं आम्ही त्या शेवटाची वाट बघितली आणि तो आला तेव्हा त्याने आमच्या तोंडाला पानं पुसली. मी तो बदलला. बदलायला नको होता असं मी अजूनही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही, पण त्याची शिक्षा चालू आहे आणि ती मला मान्य आहे.

'आम्ही' म्हणजे मी आणि बाबा. बाबा इथल्याच एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये फिटर होते. पत्र्यावर दिवसभर दणादण साचे आपटणारी यंत्रं आणि कानात कापसाचे बोळे, एवढंच काय ते संरक्षण. पन्नाशीपर्यंत कान गेले. कानाला यंत्र लावलं की त्यांना आवाज येतो, शब्द येत नाहीत. आवाज कळून काय करायचंय, असं म्हणून ते यंत्र बहुतेक वेळा डबीतच असतं. बाबा ओठ वाचतात. त्यामुळे आमच्या घराचे काही नियम आहेत. बोलायचं तर समोर येऊन, उजेडात, तोंडात घास नसताना. ज्यांच्या मिशा ओठांवर येतात त्यांचं बाबांना काही कळत नाही. मिशीवाला जावई करायचा नाही, असं आई माझ्या लग्नाच्या चर्चेत गंभीरपणे सांगायची, आणि मी तिचा शब्द जरा जास्तच पाळला.

दुसरा नियम असा, की आमच्याकडे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली जाते. बाहेरचं माणूस बोलतं, बाबा त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मी तेच पुन्हा सांगते. बँकेत, लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. आई सांगायची तेव्हा त्यात स्वतःची मतं मिसळायची. सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचा आणि आईकडून बाबांना कळायचं की हा माणूस चोर आहे. म्हणून सांगायचं काम लहानपणापासून माझ्याकडे आलं. मी जसंच्या तसं सांगते, असा माझा लौकिक होता.

पुढे मी त्याचाच धंदा केला. गोरेगावला एका स्टुडिओत मी परदेशी मालिकांचे, कार्टूनचे मराठी संवाद लिहिते. अर्थ बरोबर असून भागत नाही, पडद्यावरच्या तोंडाशी तो जुळावा लागतो. त्याचे ओठ मिटले की माझ्या वाक्यात तिथे प, ब किंवा म यायला हवा. त्याने तोंडाचा चंबू केला की मला उ किंवा ओ शोधावा लागतो. मुलुंडहून गोरेगावला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसून मी एकटीच तोंडाचे चाळे करत असते. कंडक्टरला आता सवय झाली आहे.

तर गेम. पृथ्वी राहण्यासारखी उरलेली नाही, म्हणून एक यान दूरच्या ग्रहाकडे निघतं. शेकडो माणसं काचेच्या पेट्यांमध्ये गोठवून झोपवलेली आणि मोजकी माणसं यान चालवायला जागी. आपण त्या यानाची कॅप्टन, एक बाई. ठिकठिकाणी निर्णय घ्यायचे असतात, कोणाला वाचवायचं, कोणाला सोडायचं, आणि ते निर्णय पुढच्या भागात लक्षात ठेवले जातात. तुमचा एकही निर्णय वाया जाणार नाही, असं त्या कंपनीने डब्यावर छापलं होतं. असे तीन भाग.

पहिला भाग मी एकटीच खेळत होते. बाबा पेपर वाचत होते. मध्येच त्यांचं टीव्हीकडे लक्ष गेलं तेव्हा यानाचा म्हातारा मेकॅनिक इंजिनाखाली आडवा पडून नट आवळत होता. बाबा उठून जवळ आले, नाकावर चष्मा चढवला आणि म्हणाले, "पाना बरोबर धरलाय." झालं. त्या दिवसापासून तो 'आपला फिटर' झाला आणि आमच्या रविवारच्या दुपारी त्या यानात जायला लागल्या.

खेळायची आमची पद्धत होती. टीव्हीवरचं माणूस एक वाक्य बोललं की मी गेम थांबवायची, बाबांकडे वळायची आणि ते मराठीत सांगायची. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणायची सोय होती, पण ती बारीक आणि पळती, आणि बाबांचं इंग्रजी कारखान्याच्या ड्रॉइंगवरचं. शिवाय माझं मराठी त्यांना आवडायचं. दुसऱ्यांचा आठवड्यात संपणारा गेम आम्हाला चार-चार महिने पुरायचा. आई लसूण सोलत बाजूला बसायची आणि अर्ध्या तासाने विचारायची, "पोचलं का ते यान? नाही? मग चहा टाकते."

फिटरची एक गोष्ट होती. त्याची बायको आजारी होती, आणि तिच्यावरचा इलाज त्या ग्रहावर आधी पोचलेल्या लोकांकडे होता. तिला पेटीत झोपवून न्यायचं, या एकाच अटीवर तो यानावर आला होता. काम संपलं की तो पेटीपाशी जाऊन बसायचा. बोलायचा काही नाही. काच पुसायचा, आतलं माणूस जिवंत असल्याचा वरचा दिवा बघायचा आणि परत जायचा.

दुसऱ्या भागात यानावर हल्ला होतो. वीज कमी पडते. ती तोफांना द्यायची की पेट्यांना, हे आपण ठरवायचं. मी तोफांवर बोट ठेवलं होतं. बाबांनी माझा हात धरला. "पेटी," ते म्हणाले. मी त्यांना समजावलं की यान फुटलं तर पेटी काय करणार आहे. ते पुन्हा म्हणाले, पेटी. मी पेट्यांना वीज दिली, आणि माझा लाडका पायलट मेला. कित्येक महिने मी बाबांना ते ऐकवत होते. तुमच्या फिटरच्या बायकोपायी माझा पायलट गेला. बाबा म्हणायचे, पायलट दुसरा मिळतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मधल्या वर्षांत आई गेली.

तिच्यानंतर बाबांनी टीव्हीसमोर बसणंच सोडलं. तिसरा भाग आला तेव्हा मी तो सवयीने घेतला आणि एका रविवारी लावला. बाबा आतल्या खोलीत होते. जरा वेळाने त्यांनी आपली खुर्ची ओढत आणली, टीव्हीही दिसेल आणि माझं तोंडही दिसेल अशी लावली आणि एकच विचारलं. "पेटी उघडणार का गं?"

मी म्हटलं, उघडणार म्हणजे काय, उघडायलाच हवी. दहा वर्षं दाखवतायत ती काय शोभेला? माझा हा धंदा आहे, मला कळतं, असंही म्हटलं. त्या चार महिन्यांत बाबा जेवायला लागले, चालायला जायला लागले. दर रविवारी सुरू करण्याआधी विचारायचे, आता किती राहिलं. बाबांना त्या गेममधून काय हवं होतं हे कळायला मला लेखक असायची गरज नव्हती.

शेवट जवळ आला तेव्हा बाबांना दोन दिवस बदलापूरला चुलत्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला जायचं होतं. मी येईपर्यंत पुढे खेळायचं नाही, असं बजावून ते गेले. मी शनिवारी दुपारी खेळले. पहिली लबाडी ती. पण झालं ते एका अर्थी बरंच झालं, कारण त्या शेवटाला मी बाबांच्या देखत सामोरी गेले असते तर माझ्या तोंडाचं काय झालं असतं ते मला माहीत नाही.

यान पोचतं. ग्रह हिरवा, सुंदर वगैरे. फिटर हात पुसत पेटीपाशी येतो. पेटीवरचा दिवा बंद आहे. तो कॅप्टनकडे बघतो, आणि कॅप्टन त्याला सांगते की त्याची बायको प्रवास सुरू व्हायच्या आधीच गेली होती. दिवा नुसता लावून ठेवला होता. कॅप्टनला सुरुवातीपासून माहीत होतं. पण खरं सांगितलं असतं तर तो यानावर राहिला नसता, आणि त्याच्याशिवाय इंजिन चाललं नसतं. मग ती सॉरी म्हणते. फिटर काचेवर डोकं टेकतो. नंतर दोन बटणं येतात, 'इथेच राहा' आणि 'परत निघा'. मी दोन्ही दाबून बघितली. दोन्हींना तोच सूर्योदय, तेच संगीत, आणि नावांची यादी.

मी त्या यादीला शिव्या घातल्या. एकेका नावाला घातल्या. कॅप्टनला माहीत होतं म्हणे. अहो, पण कॅप्टन आम्ही होतो. दहा वर्षं तिचा हात आमच्या हातात होता, तिच्या डोळ्यांनी आम्ही बघत होतो, आणि तिच्या मनातली सर्वांत मोठी गोष्ट आमच्यापासून लपवलेली? वीज पेट्यांना द्यायची की तोफांना, हे विचारलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं की त्या पेटीत कोणी जिवंत नाही. माझा पायलट एका खोट्या दिव्यापायी मेला. विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा केसाने गळा कापणं ते हेच. मी एकटीच चिडले होते असंही नाही. इंटरनेटवर जगभरातले लोक तळतळत होते, आणि कित्येकजण आपापला शेवट लिहून टाकत होते. मी रात्रीचं जेवण सोडून ते वाचत बसले. कोणाच्या शेवटात पेटी उघडत होती, कोणाच्या शेवटात फिटर कॅप्टनला गोळी घालत होता. सगळे माझ्यापेक्षा वाईट लिहीत होते.

एवढं सगळं खरं आहे. शेवट वाईटच होता. पण मला खुपत होतं ते वेगळ्याच कारणाने. ते कारणही सांगते.

आईच्या शेवटच्या तपासण्या झाल्या तेव्हा आम्ही तिघं हॉस्पिटलच्या एका खोलीत होतो. आई व्हीलचेअरवर, बाबा तिच्या मागे उभे, मी शेजारी. डॉक्टर भले होते. मास्कमधून ते इंग्रजीत म्हणाले की आता दोन आठवडे, फार तर तीन. घरी न्या, आणि एकमेकांशी जे बोलायचं असेल ते बोलून घ्या. बाबांनी त्यांच्या मास्ककडे बघितलं आणि मग नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "अशक्तपणा फार आहे म्हणतायत. घरी नेऊन नीट खाऊपिऊ घालायचं. औषध लागू पडायला दोन-तीन महिने जातील."

का म्हटलं? आपल्याकडे असंच करतात म्हणून. पेशंटला सांगत नाहीत, पेशंटच्या नवऱ्याला सांगत नाहीत, ज्याचं काळीज नाजूक त्याला कोणी काही सांगत नाही, आणि सगळे मिळून त्याच्याभोवती हसत बसतात. मी नंतर सांगणार होते. उद्या सांगू, परवा सांगू. आणि बाबांनी औषध लागू पडणार म्हणून कामाला हात घातला. आईला बाथरूममध्ये धरायला आधार हवा, म्हणून त्यांनी तिच्या कोपराची उंची मोजली आणि भांडुपला एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्टीलचा दांडा वाकवायला घेतला. बाजारातला नको, त्याला हाताची पकड येत नाही. रोज सकाळी जायचे, जेवायच्या वेळेला यायचे, परत जायचे. सोळाव्या दिवशी आई गेली तेव्हा ते दांड्याला पॉलिश करत होते. फोन त्यांना ऐकू येत नाही. मी मेसेज केला, तो त्यांनी काम संपल्यावर बघितला.

म्हणून कॅप्टनचं ते वाक्य मला मराठीत करता येईना. मला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. एवढंसं वाक्य, माझ्या धंद्यात असली वाक्यं मी दिवसाला शंभर करते. बाबांसमोर उभं राहून, उजेडात, हे वाक्य मी म्हणू शकत नव्हते. म्हटलं असतं तर ते गेममधलं राहिलं नसतं.

तेव्हा मी नवा शेवट लिहिला. चित्रं बदलता येत नव्हती, शब्द बदलता येत होते. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत बसमध्ये आणि स्टुडिओत, दोन कार्टूनच्या मध्ये, मी त्या चार मिनिटांवर जेवढी मेहनत घेतली तेवढी पगाराच्या कामावर कधी घेतली नव्हती. दिवा का बंद आहे? तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. इलाज झाला आहे, ती आता साधीच झोपली आहे, उजाडलं की उठेल. पेटी तुझ्या हातांनीच उघड, कॅप्टन त्याला म्हणते. फिटर काचेवर डोकं टेकतो आणि त्याचे खांदे हलतात ते आनंदाने. आणि मग सूर्योदय येतोच, तो त्यांनी आयता दिला होता. ओठ मिटतात तिथे मी ओठ मिटवले होते. बाबा ओठ बघणारे, त्यांना खोट दिसता कामा नये. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं हेही कबूल करते.

रविवारी दुपारी आम्ही बसलो. मी पहिल्यांदाच बघतेय असं दाखवलं. वाक्य झालं की थांबवत होते, वळत होते, सांगत होते. बाबा आधी कॅप्टनच्या तोंडाकडे बघायचे, मग माझ्या. दिव्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. सूर्योदय झाला. नावं धावायला लागली. बाबा बराच वेळ ती नावं बघत बसले. मग "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि स्वतः चहा ठेवायला उठले. मला वाटलं, जिंकले. ज्या लेखकाला कंपनीने लाखो रुपये दिले असतील त्याच्यापेक्षा मी चांगला शेवट केला.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी स्टुडिओतून आले तर बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून ठेवलं होतं, त्याच्यावर माझ्या शाळेतली डिक्शनरी. पानावर ड्रॉइंगवर लिहितात तशा सरळ, मोठ्या इंग्रजी अक्षरांत वाक्यं लिहिलेली होती. कॅप्टनची वाक्यं. दुपारभर बसून त्यांनी गेम स्वतः लावला होता, पडद्यावर अक्षरं आणली होती, आणि मी थांबवते तसं थांबवत एकेक वाक्य उतरवून काढलं होतं. खाली प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ.

मी पर्स खाली ठेवायच्या आत त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं.

"ती सॉरी म्हणाली," बाबा म्हणाले. "तो शब्द मला कुठूनही दिसतो. मी पुन्हा सांगा म्हटलं की लोक तेवढंच म्हणतात आणि निघून जातात. तुझ्या मराठीत कोणी माफीच मागितली नाही. तेव्हाच कळलं."

मग मी बोलायला लागले आणि थांबेचना. शेवट कसा वाईट आहे, तर्काला कसा धरून नाही, कॅप्टन म्हणजे आपणच असताना तिला वेगळं माहीत असणं कसं चूक आहे, जगभर लोक कसे चिडले आहेत, कित्येकांनी कसा बदलून लिहिला आहे. मी फक्त सुधारला, असं म्हटलं. तुमच्यासाठी, असंही म्हटलं. बाबांनी सगळं बोलू दिलं. समोरचं माणूस बोलत असताना त्यांना दुसरीकडे बघता येत नाही, त्यामुळे त्यांच्याइतकं पूर्ण ऐकून घेणारा माणूस मी पाहिलेला नाही.

"वाईट आहे," ते म्हणाले. "पण वाईट तर वाईट, मी त्याच्यासाठी दहा वर्षं बसलो होतो. तो बघायचा होता मला."

मला वाटलं, एवढ्यावर भागलं. बाबांनी डिक्शनरी मिटली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"कॅप्टनबाईने मास्क लावला नव्हता म्हणून मला दिसलं," ते म्हणाले. "डॉक्टरांनी लावला होता."

मी खाली बघितलं.

"वर बघ. काय म्हणाले होते ते? त्यांचे शब्द सांग. तुझे नकोत."

मी सांगितलं. दोन आठवडे, फार तर तीन. घरी न्या. एकमेकांशी जे बोलायचं असेल ते बोलून घ्या. माझा आवाज फुटत नव्हता, नुसतं तोंड हलत होतं, आणि बाबांना आवाज लागतच नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढी वर्षं मी स्वतःला काय सांगत आले होते. बाबांना काही सांगायचं म्हणजे मोठ्याने सांगावं लागतं, शेजारी आई होती, तिला तेच पुन्हा ऐकावं लागलं असतं, म्हणून तेव्हा नाही सांगितलं. हे मी इतक्यांदा मनात घोकलं होतं की मला खरं वाटत होतं. त्या खोलीत मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले असते तरी बाबांना सगळं कळलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

"तिला माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

आईला इंग्रजी चांगलं येत होतं. डॉक्टर बोलले ते तिने ऐकलं, मग मी बाबांना जे सांगितलं तेही ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि मांडीवरची शाल नीट केली. घरी आल्यावर मला म्हणाली, त्यांना करू दे तो दांडा, हात कामात असले की बरे असतात ते. त्यानंतर आम्ही दोघी त्या विषयावर कधी बोललो नाही.

मी हो म्हणून मान हलवली.

"म्हणजे मी एकटाच," बाबा म्हणाले.

मला पुष्कळ बोलायचं होतं. ती तुमच्या दांड्याचं सगळ्यांना कौतुक सांगायची, हे सांगायचं होतं. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांनी डोळे मिटले की जगातल्या कोणालाच त्यांना काही सांगता येत नाही. मी तिथे उभी राहून सॉरी म्हटलं, दोनदा म्हटलं. टेबलावर हात आपटला असता तर त्यांनी डोळे उघडले असते. मला ते धाडस झालं नाही.

बाबा भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा भरताना भाजीत मीठ कमी आहे असं म्हणाले, गॅस सिलिंडरचा नंबर लावला का विचारलं. बाहेरून बघणाऱ्याला आमच्या घरात काही बदललेलं दिसणार नाही. फक्त समोरचं माणूस बोललं की ते माझ्याकडे वळत नाहीत. खिशात छोटी वही आणि पेन असतं, ते पुढे करतात. बँकेतल्या मुलीने मास्क लावला होता, तिला त्यांनी तो काढायला सांगितला, आणि तिने काढला. एवढं सोपं होतं ते. रविवारी ते गेम पहिल्या भागापासून पुन्हा खेळतायत, स्वतः, डिक्शनरी मांडीवर घेऊन. मी स्वयंपाकघरातून बघते. मध्ये एकदा मी केलेल्या एका वाक्याशी त्यांनी इंग्रजी वाक्य ताडून बघितलं असावं, कारण ते स्वतःशीच म्हणाले, हे बरोबर सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात त्यांना चालताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या. रिपोर्ट घेऊन दाखवायला जायचं होतं त्या दिवशी मी रजा टाकली होती, तयार होऊन बसले होते. बाबा म्हणाले, तू कशाला, मी जाऊन येतो. वही घेतली आणि गेले. मी खिडकीत उभी राहून त्यांना रिक्षात बसताना बघितलं.

दोन तासांनी आले. हातात वहीतून फाडलेलं एक पान होतं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, अक्षर त्यांचं नव्हतं. माझ्यासमोर त्यांनी त्याच्या चार घड्या केल्या आणि ते शर्टाच्या खिशात ठेवलं. मी त्यांच्यापुढे गेले, उजेडात उभी राहिले आणि विचारलं, काय म्हणाले डॉक्टर?

"थोडा अशक्तपणा आहे," बाबा म्हणाले. "बाकी सगळं ठीक आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खरं असेलही. मला कळायला काही मार्ग नाही.